जुनाट फुफ्फुसविकारात पहाटे तीनला जाग का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६८, सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याच्या जुनाट फुफ्फुसविकाराचे, निदान होऊन बारा वर्षे झाली, धूम्रपान सुटले आहे, पंप नियमित चालू आहेत आणि दिवसा बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९३ टक्के दिसतात. रात्री अकराच्या सुमारास त्यांना झोप लागते, पण तीन-साडेतीनला ते दचकून उठतात, पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसतात आणि मग उजाडेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. सकाळी डोके जड असते आणि दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच डुलकी लागते. त्यांना झोपेची एखादी सौम्य गोळी सुरू करावी का, आणि घरी ऑक्सिजनचे यंत्र आणून रात्रभर लावून ठेवावे का, असे त्यांच्या मुलीने विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांना माझे आजचे उत्तर ‘इतक्यात नको’ असे आहे, आणि त्याची कारणे नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते. छातीच्या विकारांचे रुग्ण तपासताना गेली पंचवीस वर्षे मी पाहत आले आहे की, जिना चढताना किती धाप लागते हे रुग्णाला सगळे विचारतात, पण रात्र कशी जाते हे फारसे कोणी विचारत नाही. आणि रुग्णही ‘वय झाले, झोप कमी होणारच’ असे मनाशी ठरवून ती गोष्ट सांगायची सोडून देतो. वस्तुतः या विकारात झोप मोडण्याची निदान पाच-सहा वेगवेगळी कारणे असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरू शकतो. नेमके कोणते कारण आहे हे ओळखण्याचा पहिला धागा म्हणजे जाग किती वाजता येते आणि जाग आल्यावर पहिल्या मिनिटात माणूस काय करतो. म्हणूनच तुम्ही लिहिलेली ‘तीन-साडेतीन’ ही वेळ मला एखाद्या तपासणीच्या अहवालाइतकीच मोलाची वाटते.

झोपेत श्वास मंदावतो, हे निरोगी माणसाच्या बाबतीतही खरे आहे. जागेपणी मेंदूकडून श्वासाच्या स्नायूंना जो जास्तीचा रेटा मिळत असतो तो झोप लागताच ओसरतो, घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट थोडी अरुंद होते, आडवे झाल्यामुळे पोटातील अवयव श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर रेटतात, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोराने घेण्याची जी प्रतिक्रिया जागेपणी तत्काळ होते ती बोथट होते. या सगळ्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या काही मिलिमीटरने वाढतो आणि ऑक्सिजन किंचित उतरतो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्याकडे शिल्लक भरपूर असते.

सीओपीडीच्या रुग्णाकडे ती शिल्लक नसते. श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, फुफ्फुसे फुगलेली राहतात आणि एरवी घुमटासारखे असणारे श्वासपटल हळूहळू सपाट होत जाते. घुमट आकसला की खाली ओढला जातो आणि छातीत हवा येते. जे मुळातच सपाट झाले आहे ते आकसून आणखी किती खाली जाणार? मग हे काम बरगड्यांमधले, मानेचे आणि खांद्यांचे स्नायू अंगावर घेतात. वडील बसलेले असताना त्यांच्या मानेकडे एकदा शांतपणे पाहा. प्रत्येक श्वासाला गळपट्टीच्या हाडांवरचे स्नायू ताठ होऊन उठून दिसत असतील आणि खांदे किंचित उचलले जात असतील, तर त्यांचा दिवसाचा श्वास या मदतनीस स्नायूंवर चालला आहे असे समजावे.

आणि नेमके हेच स्नायू झोपेच्या एका टप्प्यात काम थांबवतात. ज्या झोपेत आपल्याला ठळक स्वप्ने पडतात आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात, त्या झोपेत मेंदू शरीरातील बहुतेक सगळे स्नायू शिथिल करून टाकतो. स्वप्नात धावणारा माणूस पलंगावर स्थिर पडून राहतो तो यामुळेच. श्वासपटल तेवढे या शिथिलतेतून वगळलेले असते. निरोगी माणसाला एकटे श्वासपटल पुरते. ज्याचे श्वासपटल सपाट झाले आहे त्याच्या श्वासाची खोली मात्र त्या काही मिनिटांत एकदम घटते. ही स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासाने येते, पण पहिल्या खेपेला ती काही मिनिटांचीच असते आणि रात्र सरत जाते तशी लांबत जाते. पहाटेकडची एकेक खेप अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहून जास्त टिकू शकते. अकराला झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा लांब टप्पा तीन ते पाचच्या दरम्यान येतो. त्यात भर म्हणजे श्वासनलिकांचा व्यास शरीराच्या घड्याळाप्रमाणे बदलतो आणि पहाटे चारच्या आसपास तो सर्वांत कमी असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येऊन पडतात.

‘पण दिवसा तर ९३ असतात’ हे वाक्य मी रोज ऐकते, म्हणून त्या आकड्याविषयी सांगते. रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिमीटरवरची टक्केवारी यांचे नाते सरळ रेषेचे नाही. ते आधी पठार आणि मग उतार असे आहे. दाब ९५ मिलिमीटर असलेल्या तरुणाचा दाब झोपेत दहाने घटला तरी टक्केवारी जेमतेम एक-दोनने हलते, कारण तो पठाराच्या मधोमध उभा असतो. ९३ टक्के असलेला तुमच्या वडिलांसारखा माणूस मात्र पठाराच्या कडेला उभा असतो. त्याचा दाब पासष्टच्या आसपास असतो, ९० टक्क्यांच्या म्हणजे सुमारे ६० मिलिमीटरच्या खाली उतार सुरू होतो, आणि तेथून आणखी दहा मिलिमीटर घटले की टक्केवारी ८५ पर्यंत घसरते. फुफ्फुसे तीच, घट तेवढीच, परिणाम कितीतरी पट. दिवसाचा आकडा चांगला असणे ही रात्रीची हमी नव्हे.

माझ्या एका रुग्णाने जवळजवळ दोन वर्षे पलंगावर पाठ टेकली नव्हती. टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर हातांची घडी आणि घडीवर कपाळ टेकवून ते झोपत. कपाळावर मनगटातल्या घड्याळाच्या पट्ट्याची खूण कायमची उमटली होती. त्यांना आम्ही एक रात्र नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावून पलंगावर झोपायला सांगितले. सकाळी आलेख काढला तेव्हा पहिले अडीच तास रेघ ९१ च्या आसपास संथ होती, आणि त्यानंतर तीन खंदक दिसले: एक पावणेदोनला, एक सव्वातीनला आणि सर्वांत रुंद व खोल असा एक पावणेपाचला, ज्याचा तळ ७८ वर होता. प्रत्येक खंदकाच्या शेवटी नाडीचा वेग एकदम वाढलेला होता, म्हणजे तेथे ते घाबरून जागे झालेले होते. ‘डॉक्टर, मला वाटायचे स्वप्नात कोणी तरी छातीवर बसते,’ असे ते म्हणाले. तो आलेख पाहिल्यावर टेबलावरची ती झोप ही विक्षिप्त सवय नसून त्यांच्या शरीराने शोधलेला उपाय होता, हे घरच्यांनाही पटले. पुढे झुकून हात टेकवले की खांद्यांचे स्नायू छातीला आधार देतात आणि सपाट श्वासपटलाला थोडी खेच मिळते.

सकाळच्या डोकेदुखीची नोंद तुम्ही केलीत, हे फार बरे झाले. रात्रभर श्वास उथळ राहिला की कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उठल्यावर डोके जड वाटते. चालू-फिरू लागल्यावर तासाभरात ते उतरते. ऑक्सिमीटर हा वायू मोजत नाही. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन वायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, करावी लागते, आणि ती शक्यतो सकाळी लवकर केलेली बरी. साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट हा क्षार वाढलेला असेल तर तोही हा साठा जुना असल्याचा पुरावा असू शकतो. ऑक्सिजनची ही रोजची घट वर्षानुवर्षे चालू राहिली तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसून त्यांच्यातील दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पावलांवर सूज दिसू लागते.

आता दुसरी शक्यता. सीओपीडी आणि झोपेत घसा मिटून श्वास थांबणे, म्हणजे स्लीप ॲप्निया, हे दोन्ही विकार सर्रास आढळणारे असल्यामुळे ते एकाच माणसात असणे मुळीच नवलाचे नाही. या जोडीला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये दिले. केवळ सीओपीडी असलेल्या रुग्णाच्या आलेखात रुंद खंदक दिसतात. दोन्ही विकार असलेल्या रुग्णाच्या आलेखात करवतीचे दात दिसतात, आणि ते पहाटेपुरते नसून रात्रभर असतात. दोन विकार एकत्र असतील तर ऑक्सिजन जास्त खोल घसरतो आणि दोन श्वासरोधांच्या मधल्या अवकाशात तो पूर्ववत होत नाही. जोसे मारीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अशा रुग्णांपैकी ज्यांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे यंत्र, वापरले नाही त्यांच्यात मृत्यूचे आणि आजार बळावून रुग्णालयात जाण्याचे प्रमाण जास्त होते, तर यंत्र वापरणाऱ्यांचे प्रमाण केवळ सीओपीडी असलेल्यांच्या जवळपास राहिले. तेव्हा एक रात्र वडिलांच्या खोलीत बसून ऐका. घोरणे चालू असताना ते मध्येच थांबते का, दहा-पंधरा सेकंद शांतता होते का, आणि मग फुरफुरत मोठा श्वास येतो का? असे होत असेल तर मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा. रुग्णाला स्वतःला यातले काहीच आठवत नसते.

जाग येण्याच्या इतर वेळा वेगळे काही सांगतात. पाठ टेकताच पाच मिनिटांत धाप लागते आणि उठून बसल्यावर ती कमी होते, तेव्हा फुगलेल्या फुफ्फुसांबरोबर हृदयाचाही विचार करावा लागतो. झोप लागल्यानंतर तासा-दोन तासांनी गुदमरून उठणे आणि खिडकीकडे धाव घेणे हे तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या अशक्तपणाचे जुने लक्षण आहे. जाग आल्याबरोबर आधी खोकला आणि मग कफ येत असेल तर कारण निराळे. गाढ झोपेत खोकल्याची प्रतिक्रिया दबलेली असते, त्यामुळे कफ साचत राहतो आणि माणूस जागा झाल्याशिवाय तो बाहेर काढता येत नाही. घशाशी आंबट येऊन खोकला सुटत असेल तर पित्त वर येण्यावर उपचार करावे लागतात. रात्रीची धाप आणि शीळ घातल्यासारखी घरघर हे दम्याच्या रुग्णात आजार आटोक्यात नसल्याचे चिन्ह मानले जाते, आणि तेथे उपाय झोपेवर नसून श्वासनलिकांची सूज उतरवण्यावर असतो. फुफ्फुसे जाड व कडक होत जाण्याच्या विकारात, म्हणजे फायब्रोसिसमध्ये, कोरडा खोकला झोप लागू देत नाही, आणि तेथेही झोपेतील श्वासरोध बऱ्याच रुग्णांत आढळतो.

आणि काहींना झोप लागतच नाही. आज रात्री पुन्हा गुदमरलो तर, या भीतीने माणूस पलंगाकडे पाहूनच घाबरतो. या भीतीला मी कधीही ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही, कारण ती अनुभवातून आलेली असते. पण ती श्वास जलद करते, जलद श्वासाने हवा आणखी अडकते आणि धाप खरोखरच वाढते. उदासीनताही या विकारात वारंवार दिसते आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

औषधांची यादीही एकदा वेळांसह तपासून घ्यावी. स्टिरॉइडच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर झोप उडते, त्या सकाळी न्याहारीनंतर घ्याव्यात. श्वासनलिका रुंदावणाऱ्या थिओफिलिन वर्गातील गोळ्यांनी छातीत धडधड आणि अस्वस्थता होऊ शकते. लघवी होण्याची गोळी दुपारनंतर घेतली तर तीन-चार वेळा उठणे आलेच. आराम देणारा निळा पंप झोपताना सवयीने चार-चार वेळा ओढला जात असेल तर हाताला कंप आणि नाडीला वेग येतो. याउलट, चोवीस तास टिकणारा श्वासनलिका रुंदावणारा पंप योग्य पद्धतीने घेतला तर रात्रीचा ऑक्सिजन सुधारतो, हे टायोट्रोपियम या अशा पंपातल्या औषधाच्या बाबतीत तपासून पाहिले गेले आहे. ‘योग्य पद्धतीने’ या शब्दांवर माझा भर आहे. बारा वर्षे पंप घेणाऱ्या माणसालाही मी समोर पंप घ्यायला लावते, आणि पुष्कळदा औषध जिभेवरच राहत असल्याचे दिसते.

झोपेच्या गोळीला मी नको म्हणते त्याचे कारण आता स्पष्ट होईल. पहाटे तीनला ऑक्सिजन घसरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा मेंदू धोक्याची घंटा वाजवतो; वडिलांची ती जाग म्हणजे ती घंटा असण्याची दाट शक्यता आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या नेहमीच्या गोळ्या, विशेषतः बेंझोडायझेपिन वर्गातील, घशाचे स्नायू आणखी सैल करतात, श्वासाची प्रेरणा कमी करू शकतात आणि ती घंटा ऐकू येऊ देत नाहीत. माणूस शांत झोपलेला दिसतो. ती शांतता फसवी असू शकते. मद्य, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि गुंगी आणणारी सर्दीची गोळी यांनाही हेच लागू आहे, आणि यांतले दोन पदार्थ एकत्र आले तर धोका बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सगळ्या तपासण्या समाधानकारक निघाल्या आणि उरला तो निव्वळ निद्रानाशच, असे ठरले तर झोपेच्या सवयी व विचार बदलण्याची पद्धतशीर मानसोपचार पद्धती आधी वापरावी; ती या रुग्णांतही उपयोगी पडते. वडील आधीपासून अशी एखादी गोळी रोज घेत असतील तर मात्र ती एकाएकी बंद करू नका, ती टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

ऑक्सिजनचे यंत्र हे औषध आहे, आणि त्याला मात्रा असते. विश्रांतीच्या वेळीच धमनीतील ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांना दिवसातून निदान पंधरा तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांनी दाखवून दिले. वडील या गटात बसत नाहीत. दिवसा बरे असणाऱ्या आणि केवळ रात्री घसरणाऱ्या रुग्णांना रात्रीपुरता ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते किंवा आजार बळावणे टळते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्या रुग्णात ऑक्सिजन हवा तितका सोडला तर तो साठा वाढतो. एका रुग्णाच्या मुलाने काळजीपोटी यंत्राचा काटा दोनवरून पाचवर नेला होता; ऑक्सिमीटरवर ९८ पाहून सगळे निश्चिंत झोपले आणि सकाळी वडील हाका मारूनही नीट जागे होईनात. त्यांना मास्कच्या यंत्रावर ठेवून वाचवता आले. अशा रुग्णात आमचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के एवढेच असते, म्हणून एबीजी झाल्याशिवाय रात्रभराचा ऑक्सिजन घरी सुरू करू नये.

कार्बन डायऑक्साइडचा साठा खरोखर निघाला तर ऑक्सिजनपेक्षा महत्त्वाचे यंत्र दुसरेच आहे, ते म्हणजे बायपॅप. ते नाकावरच्या मास्कमधून प्रत्येक श्वासाला मागून आधार देते, म्हणजे थकलेल्या स्नायूंचे काम रात्रीपुरते वाटून घेते. आजार बळावून रुग्णालयात गेलेल्या आणि त्यानंतरही साठा कायम राहिलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ ऑक्सिजन घेणाऱ्यांना पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा किंवा मृत्यू येण्याचा मध्य कालावधी १.४ महिने होता, तर ऑक्सिजनबरोबर हे यंत्र वापरणाऱ्यांचा ४.३ महिने. मास्कची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिल्या काही रात्री बहुतेक जण तो काढून फेकतात. दुपारी जागेपणी अर्धा तास लावून बसण्यापासून सुरुवात केली तर ते सोपे जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा: रात्रभराची ऑक्सिमीटर नोंद, सकाळची एबीजी, हृदयाची सोनोग्राफी, आणि घोरण्याची किंवा श्वास थांबण्याची शंका असेल तर पूर्ण झोपतपासणी. तोपर्यंत पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करावी किंवा पाठीपासून उतार होईल अशा उशा लावाव्यात. नुसती मानेखाली उंच उशी दिल्याने मान मोडते आणि घसा आणखी दुमडतो. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि बेताचे असावे, कारण भरलेले पोट श्वासपटलाला वर रेटते. संध्याकाळी कफ मोकळा करून घ्यावा. जाग आल्यावर पुढे झुकून बसावे, नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून तो दुप्पट वेळ सावकाश सोडावा. चेहऱ्यावर हातपंख्याची झुळूक घेतल्यानेही धाप कमी जाणवते.

त्याचबरोबर उद्यापासून एक वही उशाशी ठेवा. झोपले केव्हा, जाग किती वाजता आली, जाग येताच आधी खोकला होता की धाप, घाम, धडधड, आंबट पाणी की लघवीची घाई, किती उशा होत्या, सकाळी डोके दुखले का आणि ते किती वाजता थांबले, एवढेच लिहायचे. चौदा रात्रींची ही नोंद घेऊन छातीविकारतज्ज्ञांकडे जा. मात्र सकाळी वडील नेहमीपेक्षा जास्त गुंगीत असतील, बोलण्यात गोंधळ असेल, हात पुढे धरले असता पंजे फडफडत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा एका वाक्यातही दम पुरत नसेल, तर वही पुरी होण्याची वाट पाहू नका. त्याच वेळी त्यांना तातडीच्या विभागात न्या आणि त्यांना सीओपीडी आहे, ऑक्सिजन मोजून द्यावा, हे पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरांना सांगा.